आफ्रो-आशियाई हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

हा शब्द लिहिताना बरेच जण गडबडतात, म्हणून आधी एवढंच बघा की विषय राजकारणाचा आहे, भाषेचा आहे की माणसांचा.

राजकारणाचा असेल तर बिनधास्त वापरा, कारण तो गाजला तोच तिथे, १९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले, नेहरू होते, इजिप्तचे नासर होते, आणि वसाहतवादाला विरोध हा मुख्य सूर होता. २००३ ला हैदराबादला आफ्रो-आशियाई गेम्स झाले, तेही याच अर्थाने.

भाषांच्या बाबतीत मात्र जपून. तिथे हे एका भाषाकुळाचं नाव आहे, त्यात अरबी, हिब्रू, अम्हारिक, सोमाली, हौसा येतात. अरबी 'सलाम' आणि हिब्रू 'शालोम' शेजारी ठेवून बघा, स-ल-म ची तीच चौकट दिसते, मला तर हे दर वेळी भारी वाटतं. मराठी आशियातली असली तरी या कुळात नाही हां, ती इंडो-युरोपियन.

आणि माणसांबद्दल लिहिताय तर मोघम शब्द नकोच. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, घरी कोकणी बोलतात, त्यांना सिद्दीच म्हणा. 'हबशी' हा शब्द निजामशाहीतल्या मलिक अंबरच्या काळाबद्दल लिहिताना चालतो, अंबर स्वतः इथिओपियातून आलेला, पण आज समोरच्या माणसाला तसं म्हणू नका, लागतं ते.