जीपच्या शॉकरचा तुटलेला ब्रॅकेट: वेल्डिंगच्या आधी टेपने मापं घ्या

गेल्या आषाढात खताची १० पोती घेऊन मी इंदूरहून खंडवा रोडने शेताकडे निघाले होते. तेजाजी नगर मागे पडलं आणि डाव्या मागच्या चाकाकडून ठक्-ठक् सुरू झालं. खाली वाकून पाहिलं तर शॉकर (शॉक ॲब्सॉर्बर) वरच्या बाजूने सुटून ॲक्सलवर आडवा झालेला, आणि चासीवरची त्याची पिन मुळातून तुटलेली. हीच पिन दोन महिन्यांपूर्वी वेल्ड करून घेतली होती. "दीदी, एक टाका मार देता हूँ, चल जाएगा," असं म्हणून रस्त्यावरच्या वेल्डरने नवा बोल्ट चासीला चिकटवून दिला होता. तुटला तोही वेल्डिंगला लागूनच.

जीप १९८९ची, महिंद्राची एमएम ५४०. बाबांनी ती जुनीच घेतली होती. ते इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी आणि मापं लिहायची वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या वेळी मी दुरुस्ती स्वतः मोजून, आखून करून घेतली. ती कशी केली ते लिहिते, कारण जुन्या जीपवाल्यांना हा त्रास हमखास होतो आणि बहुतेक जण तो चुकीच्या जागी दुरुस्त करतात.

रस्त्यात तुटलं तर घाबरू नका. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत वजन पाटे उचलतात, शॉकर फक्त उसळी शमवतो. लोंबणारा शॉकर खालूनही काढून गाडीत टाका. पाना नसेल तर तारेने चासीला घट्ट बांधा, म्हणजे ब्रेकच्या पाइपावर आपटणार नाही. मग ३० च्या आत हळू चालवत घर गाठा. भेरू घाटासारखा उतार पुढे असेल तर मात्र परत फिरा, कारण खराब रस्त्यावर ब्रेक मारताना चाक उड्या मारतं. आणि हे फक्त पाट्यांच्या गाड्यांपुरतं. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र) असतो, चाकच त्याच्यावर उभं असतं. तिथे वरचं माउंट तुटलं तर गाडी टोचन करूनच न्यावी.

घरी आल्यावर पहिली गोष्ट: खरंच ब्रॅकेट (चासीवरची पिन, जिच्यावर शॉकर बसतो) गेला आहे की फक्त बुश, म्हणजे शॉकरच्या टोकाच्या कडीतलं (डोळ्यातलं) रबर, हे बघा. दोन्हींचा आवाज सारखाच येतो. टॉमी (लोखंडी पहार) घालून शॉकरचा डोळा हलवा. रबर चुरा झालं असेल तर डोळा पिनवर खुळखुळतो, पण पिन जागची हलत नाही. पिनबरोबर चासीचा पत्राही हलत असेल, किंवा पिनेच्या मुळाशी गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसत असेल, तर चीर आहे. खात्री करायची बाबांची पद्धत अशी: जागा तारेच्या ब्रशने घासून रॉकेल लावायचं, १० मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि खडूची भुकटी चोळायची. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि चीर कुठपर्यंत गेली ते ओल्या रेघेत दिसतं. वेल्डिंगच्या आधी हे रॉकेल पूर्ण पुसून, वाळवून टाकायचं.

आता टेप घ्या. पिन उगाच तुटत नाही. चार मापं लागतात, सगळी वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत. वरची पिन तुटली असेल तर चांगल्या बाजूची मापं घ्या.

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असतानाचं अंतर माझ्याकडे ४२ सेंमी आलं. मग चासीखाली जॅक लावून चाकं लोंबती सोडली: ५१ सेंमी. तिसरं माप पाटे पूर्ण दबल्यावरचं, पण त्यासाठी गाडी दाबत बसायची गरज नाही. उभ्या गाडीत बंप रबर (पाटे पूर्ण दबल्यावर ॲक्सल ज्यावर टेकतो ते) आणि ॲक्सल यांच्यातली फट मोजा आणि ती पहिल्या मापातून वजा करा. माझी फट ७ सेंमी होती, म्हणजे ३५. चौथं माप काढून ठेवलेल्या शॉकरचं: पूर्ण ओढलेला ४९.५, पूर्ण दाबलेला २९.५.

इथेच सगळं कळलं. चाक लोंबायचं ५१ पर्यंत आणि शॉकर उघडायचा ४९.५ पर्यंतच. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात चाक खाली सुटलं की अख्खा ॲक्सल त्या एका पिनेला टांगला जायचा. बाबांच्या वहीत उभ्या गाडीचं माप ३९ लिहिलेलं आहे. मधल्या काळात मी पोत्यांच्या ओझ्यासाठी एक जादा पाटा घातला होता, गाडी मागून उचलली गेली आणि शॉकर तोकडा पडला. वेल्डर बदलून काही उपयोग झाला नसता.

दोन्ही टोकांना निदान २ सेंमी मोकळीक हवी. दाबल्यावर तर हवीच, कारण बंप रबर स्वतःही सेंटिमीटरभर दबतं. माझ्या चाकाचा प्रवास १६ सेंमी (५१ वजा ३५), शॉकरचा २० (४९.५ वजा २९.५). म्हणजे शॉकर पुरेसा होता, फक्त जागा चुकली होती. वरचं माउंट ३.५ सेंमी खाली घेतलं तर ५१ चे ४७.५ आणि ३५ चे ३१.५ होतात, दोन्हीकडे बरोबर २ सेंमी. शॉकर तिरका असेल तर हा हिशोब थोडा हलतो, म्हणून टाके मारल्यावर पुन्हा मोजायचंच. तुमच्याकडे चाकाचा प्रवासच शॉकरपेक्षा जास्त निघाला, तर लांब शॉकर घ्या किंवा जादा पाटा काढा. ब्रॅकेट सरकवून ते भागणार नाही. मापं ठीक आली तर मात्र बुश, गंज किंवा आधीचं कच्चं वेल्डिंग यांत कारण शोधा. शॉकरची जात चुकीची असणंही बघा, दुकानदार कधी कधी डोळ्याचं भोक जुळलं की शॉकर जुळला असं धरतो.

सामान. बाजारातला ८.८ ग्रेडचा बोल्ट चासीला वेल्ड करू नका. तो पाणी दिलेल्या कडक पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्यालगतचा पट्टा ठिसूळ होतो आणि बोल्ट तिथेच तुटतो, माझा तुटला तसाच. पूर्वीसारखी एकेरी पिनच हवी असेल तर खरादवाल्याकडून साध्या माइल्ड स्टीलची करून घ्या. मुळाशी काटकोन न ठेवता गोलाई ठेवायला सांगा, आणि ती पट्टीच्या भोकातून आरपार घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा.

मी दोन कानांचा ब्रॅकेट केला, कारण दोन्ही बाजूंनी धरलेला बोल्ट वाकत नाही. लोहामंडीतून ६ मिमीची पट्टी आणली. १२ × ९ सेंमीचा पाया, कोपरे गोल केलेले, आणि त्यावर दोन कान. दोन्ही कान एकत्र धरूनच भोक पाडा, नाहीतर बोल्ट तिरका बसतो. शॉकर घेऊन मी सियागंजच्या बाजारात गेले आणि त्याच्या डोळ्यात बसणारा, आत लोखंडी नळी असलेला बुश शोधला. नळीचं भोक १४ मिमी, म्हणून बोल्ट १४ चा. इथे ८.८ चा बोल्ट योग्यच आहे, कारण तो वेल्ड होत नाही. त्याचा आटे नसलेला भाग दोन्ही कानांतून आरपार जायला हवा. कानांमधलं अंतर नळीच्या लांबीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा. वेल्डिंगच्या वेळी बुशाच्या जागी या अंतराएवढ्या लांबीचा पाइपचा तुकडा बोल्टने आवळून ठेवला की कान आत ओढले जात नाहीत. हे सगळं वेल्डिंग टेबलावर करा. गाडीखाली उताणं पडून मारलेल्या टाक्यात तेवढा जोर येत नाही.

गाडीखाली जाण्याआधी: पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चासीखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड). जॅकवर विसंबून कधीही खाली शिरू नका, विटांवर तर नाहीच. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. टाकी आणि डिझेलचा पाइप कुठून जातो ते शोधून तिथे पत्रा आणि ओली गोणी लावा, ब्रेकचा रबरी पाइप आणि वायरिंग बाजूला बांधा. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. चासी नंबर जिथे कोरलेला असतो तिथे ग्राइंडर जवळही नेऊ नका.

वेल्डिंगची अर्थिंगची वायर चासीला, कामाच्या अगदी जवळ. ती ॲक्सलला किंवा पाट्याला लावली तर करंट बेअरिंगांतून फिरतो आणि त्यांच्यावर डाग पाडतो. पाट्यावर आणि यू-बोल्टवर रॉडचा एक ठिपकासुद्धा पडू देऊ नका, पाटा पुढे तिथूनच तुटतो.

जुनं वेल्डिंग ग्राइंडरने साफ केल्यावर चासीत चीर निघाली. तिच्या शेवटाच्या किंचित पुढे ४ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही. चीर व्ही आकारात कोरून भरली, सपाट केली आणि वर पाया बसवला. आधी चार टाके, मग टेप, मग शॉकर हाताने लावून मोकळा हलतो का ते बघणं. त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग, शॉकर आणि रबर काढून. रॉड ७०१८, ३.१५ मिमी, इन्व्हर्टर मशीनवर पॉझिटिव्हला, करंट १०० ते १३० अँपिअर. ही रॉड ओल धरते. पावसाळ्यात उघड्या पाकिटातली वापरू नका. चासीचा पत्रा पातळ असेल तर २.५ मिमीची रॉड आणि ७० ते ९० अँपिअर घ्या. एकदम लांब टाका न मारता ३-३ सेंमीचे, समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. पाणी ओतून थंड करू नका. पाया चासीच्या उभ्या बाजूवरच ठेवा. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग केलं तर चासी पुढे तिथून चिरते. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळच थांबा, आतल्या मातीत-तेलात ठिणगी धुमसत राहते.

रंग: झिंक प्रायमर, दोन हात इनॅमल, आणि पायाच्या वरच्या कडेला फट राहिली असेल तर सीलंट. आमच्याकडची काळी माती तिथे साचते आणि महिनोन्‌महिने ओली राहते.

शॉकर बदलायचेच असतील तर मागचे दोन्ही एकदम बदलावेत. नवा शॉकर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबा, आतली हवा वर निघून जाते. रबर बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको. नळीवाल्या बुशाचा बोल्ट आधी नुसता हाताने लावा, गाडी घोड्यांवरून उतरवा, चाकांवर दोन-तीनदा हलवा आणि मगच आवळा. चाकं लोंबती असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. खालच्या पिनेवर साधी दोन तुकड्यांची रबरं असतील तर रबर फुगून वॉशरच्या कडेला येईपर्यंतच आवळा. लॉकिंग नट नवा घ्या.

मी पहिल्यांदा रिकामी गाडी सिमरोलपर्यंत नेऊन आणली, दुसऱ्यांदा पाच पोती घालून. दोन्ही वेळा टाक्यांच्या कडेने हात फिरवला आणि टॉर्चने रंग बघितला, कारण चीर पडली तर रंग आधी फाटतो. १०० किमीनंतर नट पुन्हा आवळला तेव्हा पाव फेरा फिरला. त्यानंतर हललेला नाही. उजव्या बाजूची पिन अजून शाबूत आहे, पण तिचंही माप तेच ५१ आहे. त्या बाजूचा ब्रॅकेट कापून ठेवला आहे, दिवाळीच्या आधी लावायचा आहे.