चाळणीतले पाहुणे

आमच्या गावात भूविज्ञान शिकणाऱ्याला पाणी दाखवता आलंच पाहिजे, असा समज आहे. मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा थोरल्या चुलत्यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधीच विचारलं, "मग वरच्या रानात बोर कुठं मारावं, सांग." पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून जे सांगतो, ते मी पुस्तक वाचून सांगेन एवढीच अपेक्षा. पुढं मी सूक्ष्मजीवाश्मांकडं, म्हणजे दगडात उरलेल्या बारीक जीवांच्या अवशेषांकडं वळले आणि घरच्यांना माझं काय चाललंय ते कळेनासंच झालं. आजी एकदा सुट्टीत म्हणाली, "त्या नळीत डोळा घालून काय बघूलालीस गं दिवसभर?"

मराठवाड्यात बी.एस्सी. करणारी पोरंपोरी अधूनमधून हेच विचारतात. त्यांच्यासाठी लिहिते.

दगडातला डायनासोर सगळ्यांना माहीत असतो. पण डायनासोरचं हाड सापडायला नशीब लागतं, आणि सूक्ष्मजीवाश्म ओंजळभर गाळात शेकड्यांनी निघू शकतात. समुद्रातले एकपेशीय फोरॅमिनिफेरा, त्यांना आम्ही नुसतं फोरॅम म्हणतो. काचेसारख्या सिलिकाच्या डब्यांत राहणारे डायटम. दोन शिंपल्यांच्या आत राहणारे, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले ऑस्ट्रॅकॉड. शिवाय परागकण आणि बीजाणू. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या आतला. सगळेच बारीक नसतात म्हणा. कच्छमध्ये न्युम्युलाइट नावाचे फोरॅम नाण्याएवढे मिळतात, आणि इजिप्तच्या पिरॅमिडांच्या चुनखडीतही तेच आहेत. जुन्या काळी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराला तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की ही मजुरांच्या जेवणातली मसूर आहे, तिचा दगड झाला.

आता आपला भाग. मराठवाड्याच्या बहुतेक जमिनीखाली बसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल वेधन केलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बसाल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर गाळाचा खडक आणि मग ग्रॅनाइटासारखा प्राचीन पाया. म्हणून अनेकजण म्हणतात, "तुमच्याकडं लाव्हाच लाव्हा, जीवाश्म कुठले?" त्यांनी आमच्याकडची विहीर खोदताना उभं राहून बघावं. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आणि नशीब असेल तर दोन पाषाणांच्या मध्ये हातभर राखाडी, पापुद्र्यांनी सुटणारा थर. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात गाळ बसला, आणि मग दुसरा लाव्हा येऊन झाकण बसलं. यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. तांबडा गेरूसारखा पट्टा मात्र वेगळा. ती भाजलेली जुनी माती असते आणि तिच्यात बहुधा काहीच मिळत नाही. मी दोन महिने त्यातच घालवले, तुम्ही घालवू नका.

माझा पहिला नमुना अशाच एका विहिरीच्या ढिगाऱ्यातला होता. किलोभर. तो फोडायचा, वाळवायचा, पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालायचा. फसफसून तो सुटा झाला की ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा. मिलिमीटरचे सोळा भाग केले तर त्यातला एक, एवढं त्या चाळणीचं छिद्र. चिकणमाती निघून जाते, वर उरतो चमचाभर भुगा. तो वाळवून काळ्या, चौकटी आखलेल्या ट्रेवर विरळ पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शून्य-शून्य-शून्य नंबरच्या ब्रशचं टोक ओलं करून एकेक दाणा उचलायचा. उचललेला दाणा डिंकाचा पुसट लेप दिलेल्या स्लाइडवर ठेवायचा. आईनं हे बघितलं आणि म्हणाली, "हे तर निवडणटिपणच की." अगदी तेच. फरक एवढाच की आई खडे टाकून डाळ ठेवते आणि मी निवडलेले खडेच ठेवते.

पहिला ऑस्ट्रॅकॉड दिसला तो क्षण अजून डोळ्यांपुढं आहे. अर्ध्या मिलिमीटरचा, गुळाच्या रंगाचा, अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या गोल रेघा. झोनोसायप्रिस. गोड्या पाण्यातला. तो जगला तेव्हा पृथ्वीवर लाव्हा वाहत होता, आणि हा बाबा तळ्याच्या तळाशी गाळ चाळत बसला होता. त्याच ट्रेमध्ये कारा नावाच्या पाणवनस्पतीची मोहरीहून बारीक फळं होती, पिळदार धारांची. तिचे भाऊबंद आजही आपल्याकडच्या तळ्यांत उगवतात.

आता माझी फजिती. २०१६चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आमच्या शहरातही नळ आठ-दहा दिवसांतून एकदा सुटायचा. एका नमुन्याला चार-पाच बादल्या पाणी सहज जातं. ते मोरीत सोडताना माझा जीव वर-खाली व्हायचा. मग मी धुतलेलं पाणी टबात निवळू द्यायला लागले, आणि वरचं नितळ पाणी पुढच्या नमुन्याला. काटकसर जमली म्हणून स्वतःलाच शाबासकीही दिली.

आठवडाभरानं ट्रेमध्ये ऑस्ट्रॅकॉडांच्या शेजारी एक गुंडाळी दिसली. गोगलगायीसारखी, पण आत कप्पे. फोरॅम! लाव्हाच्या मधल्या थरात समुद्रातला जीव! माझे हात थरथरायला लागले, कारण असं खरंच घडलेलं आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या आंतरट्रॅपी थरात समुद्रात तरंगणारे फोरॅम मिळाल्याचं २००९ मध्ये गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मांडलं. आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. त्यावरून समुद्राचा एक फाटा तेव्हा मध्य भारतापर्यंत आला होता, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, आता दुसरा फाटा मीच शोधला.

सरांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे एवढं चकचकीत कसं? शेजारचा ऑस्ट्रॅकॉड बघ, कसा पिकलाय. याला तर अजून ऊनसुद्धा लागलेलं नाही." आणि पुढचा प्रश्न, "पाणी कुठलं वापरलंस?"

त्याच आठवड्यात मी सरावासाठी गोव्याच्या किनाऱ्यावरची वाळू धुतली होती. तो फोरॅम होता अमोनिया, आजच्या उथळ समुद्रात आणि खाड्यांत भरपूर मिळणारा. माझ्या टबातून पोहत आला होता. आठवड्याभराचे सगळे नमुने बाद.

त्या दिवसापासून दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. एक, नमुना धुवून झाला की चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवायची. मागचा एखादा दाणा छिद्रात अडकला असेल तर तो निळा होतो, आणि पुढच्या ट्रेमध्ये निळा दाणा दिसला की तो पाहुणा, गणतीत घ्यायचा नाही. दुसरी, दाण्याला त्याचं नाव विचारण्याआधी त्याचा पत्ता विचारायचा. तू इथलाच, की कुठून आलास?

हा प्रश्न या विद्येत पदोपदी येतो. परागकणांचं काम करणाऱ्यांना तर जास्तच. लाव्हामधल्या थरातून गाजरगवताचा परागकण निघाला, तर विहिरीच्या काठावरचं गाजरगवत नमुन्यात शिरलं एवढाच त्याचा अर्थ. ते गवत भारतात बोभाटा होण्याएवढं पसरलं ते १९५०च्या दशकात. म्हणून वरचा हातभर खडक खरवडून मगच आतला नमुना घ्यायचा. आणि आपल्या काळ्या मातीत परागकण शोधायला जाऊ नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, हवा आत जाते, परागकण कुजतात, शिवाय वरचं खाली जातं. तळ्याचा, सतत ओला राहिलेला गाळ बरा. जालन्याच्या सीमेपलीकडं लोणारला तळ्याच्या तळातून सुमारे दहा मीटर गाळ काढून गेल्या अकराएक हजार वर्षांचा पावसाळा वाचला गेलाय. दुष्काळ आपल्याला नवा नाही, हे तिथं थराथरात दिसतं.

तेलाच्या विहिरीत तर पाहुण्यांचा सुळसुळाट. तिथं खडकाची चुरी चिखलाबरोबर वर येते, आणि खोदताना वरच्या भिंतीचे तुकडेही ढासळून त्यात मिसळतात. त्यामुळं खालच्या थरात वरचे जीवाश्म सापडतच राहतात. मग काय करायचं? वरून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठं दिसली, ती खोली धरायची. तो त्या जातीचा शेवटचा काळ, कारण ती नामशेष झाल्यानंतरच्या, म्हणजे वरच्या थरात ती मुळात नव्हतीच. याच हिशेबावर विसाव्या शतकात अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर तेल शोधलं गेलं. एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तीन बायकांनी १९२०च्या दशकात फोरॅमवरून थर जुळवून दाखवले. आपलं मुंबई हाय १९७४चं. तिथलं तेल मुख्यतः मायोसीन नावाच्या भूवैज्ञानिक काळातल्या चुनखडीत आहे, आणि अशा थरांची वयं लावायला फोरॅम लागतात.

हवामानाचा उपयोग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. फोरॅमच्या कवचात ऑक्सिजन असतो, हलका आणि जड. पृथ्वीवर बर्फ वाढलं आणि पाणी गार झालं की कवचात जड ऑक्सिजनचा वाटा वाढतो. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या फोरॅमवरून हिमयुगांची चढउतार मांडली. म्हणजे ब्रशनं उचललेला एक दाणा थर्मामीटर होतो. बुडून मेलेल्या माणसाच्या हाडाच्या मज्जेत डायटम शोधून पोलिसांना मदत होते, तेही याच कुटुंबातलं, पण ते काम मी केलेलं नाही.

आता पोटापाण्याचं. बी.एस्सी.ला भूविज्ञान असेल तर उत्तम, मग एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा देऊन बाहेरच्या संस्थांतही जाता येतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था हे आमच्या लोकांचं पंढरपूर. तिच्या पायाभरणीचा दगड संस्थापक साहनींनी स्वतः जीवाश्म बसवून तयार केला होता. नेहरूंनी तो ३ एप्रिल १९४९ला बसवला आणि आठवड्याभरात साहनी गेले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमचं काम चालतं, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७ हजार मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते, तेल कंपन्या कधी गेट परीक्षेचे गुण बघतात, कधी आपली वेगळी परीक्षा घेतात. पण खरं सांगते, नुसत्या सूक्ष्मजीवाश्मांवर नोकऱ्या थोड्या आहेत. भूजल, खनिकर्म हेही सोबत येऊ द्या.

परागकणांच्या प्रयोगशाळेत गेलात तर हायड्रोफ्लोरिक आम्लाशी गाठ पडेल. खडकातलं सिलिका तेच विरघळवतं. ते कातडीतून आत जातं आणि दुखायला अनेकदा उशिरा लागतं, तोवर आत हाडापर्यंत पोचलेलं असू शकतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी आहे का हे बघितल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि एकट्यानं तर कधीच नाही. गाइड कितीही घाईत असले तरी.

गेल्या मार्चात चुलत्यांनी अखेर वरच्या रानात बोर मारलं. पाणाड्याच्या नारळानंच. मला फोन आला, "ये, तुझ्या कामाचंच आहे." मी चार डझन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर घेऊन गेले. यंत्राच्या तोंडाशी बसून रॉडमागून रॉड चुरी भरत होते, पिशवीवर खोली लिहीत होते. सगळं अंग राखाडी. मध्येच एका पिशवीत रंग बदलला, बोटात चुरल्यावर पिठासारखं लागलं.

चुलते धावत आले. "पाणी लागलं का?"

"काका, हे कितव्या रॉडला निघालं, आठवतं का?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग ड्रायव्हरकडं, आणि कपाळावर हात मारला.