अप्रेझल ऐकून माणूस भडकला, तर पुढचे दिवस कसे सांभाळायचे

भोसरीतल्या एका मशिनिंग कारखान्यात मी क्वालिटी बघते. मे महिन्यात अप्रेझलची पत्रं निघाली की आमच्या पॅसेजमध्ये दारं आपटायचा सीझन सुरू होतो. फीडबॅक कसा द्यावा याचं ट्रेनिंग एचआरवाले दरवर्षी ठेवतात. फीडबॅक ऐकून समोरच्याने पत्र भिरकावलं तर काय करायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. म्हणून हे लिहिते आहे, मुख्यतः पहिल्यांदाच टीम हातात आलेल्यांसाठी.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. त्याचं वर्षभराचं काम हा एक विषय, आणि पत्र हातात पडल्यावर तो कसा वागला हा दुसरा. आरडाओरडा केला म्हणून रेटिंग वाढवायचं नाही, आणि त्याच कारणासाठी घटवायचंही नाही. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन्ही मोह एकाच संध्याकाळी होतात.

भडकतो कोण? नवख्यांना वाटतं, ज्याला पाचपैकी एक किंवा दोन मिळाले तो. त्याला बहुतेक वेळा आधीच कुणकुण लागलेली असते. भडकतो तो तीनवाला. पत्रात वाईट काहीच लिहिलेलं नसतं, 'अपेक्षेप्रमाणे काम' एवढंच असतं. पण शेजारच्या खुर्चीवरच्या ज्युनिअरला चार मिळालेले असतात. याला पोरकटपणा म्हणून झटकू नका. बॉर्डर रोड्स या सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यातले देव दत्त नावाचे इंजिनिअर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले ते 'चांगला' या शेऱ्यावरून. बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता, एका वर्षी 'चांगला' पडला, आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. सरकारी नोकराच्या अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती कशीही असो, त्याला कळवलीच पाहिजे, असं कोर्टाने २००८ साली सांगितलं. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने आदेश काढला: अहवाल पूर्ण दाखवायचा आणि म्हणणं मांडायला १५ दिवस द्यायचे. खासगी कंपनीला हे लागू नाही, पण ती १५ दिवसांची सोय मी बिनदिक्कत उचलली आहे. 'पटलं नसेल तर १५ दिवसांत लेखी द्या' ही ओळ पत्रातच छापून घ्या. निम्मा राग त्या कागदाकडे वळतो.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नऊ वर्षं जुना इंजिनिअर, ग्राहकांच्या तक्रारी तोच बघायचा. रेटिंग तीन, आणि त्याच्या ज्युनिअरला चार. पत्र वाचून त्याने ते टेबलावरून असं सरकवलं की माझ्या बाजूने खाली पडलं. "मॅडम, हे तुमच्याकडेच ठेवा. नऊ वर्षं घासली, आता त्या पोराच्या हाताखाली काम करू का?" खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला लागली, दार आपटलं. थोड्याच वेळात डिपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज: 'इथे कामाला नाही, पुढेपुढे करण्याला मार्क आहेत. सगळ्यांना शुभेच्छा.' खाली दोन अंगठे.

खोलीत असताना

फार थोडं करायचं असतं. बोलणं थांबवा. वर्षभराचे आकडे तेव्हा त्याच्या तोंडावर मारून काही उपयोग नाही, एकही कानात शिरत नाही. "शांत व्हा" म्हणू नका. ते ऐकून कोणी शांत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि "बघते, काहीतरी करते" हे तर चुकूनही नको. ते आपण वेळ मारून नेण्यासाठी म्हणतो, तो ते वचन म्हणून घरी घेऊन जातो.

मी म्हणते ते एवढंच: "तुम्हाला हे पटलेलं नाही, कळलं मला. आज इथेच थांबू. शुक्रवारी अकराला परत बसू, तुमचं म्हणणं लिहून आणा." ज्याला रोज अरे-तुरे करता, त्याला त्या क्षणी अहो-जाहो करू नका. तो लगेच समजतो की आपल्याला वाळीत टाकलं.

वारही बघा. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी पत्र दिलं की माणूस दिवसभर घरी बसून तेच उगाळतो, बायको, मेहुणा, जुने मित्र सगळ्यांची मतं गोळा करतो आणि शुक्रवारी तयारीने येतो. सोमवारी-मंगळवारी सकाळी द्या, म्हणजे मधे एखादा कामाचा दिवस जातो.

सही करत नसेल तर ओढाताण नको. सहीवर 'पत्र मिळाले. मजकूर मान्य आहेच असे नाही' असं छापलेलं असेल तर बरेच जण करतात. तरीही नाही केली, तर पत्रावर 'वाचून दाखवले, सही करण्यास नकार' असं तारीख-वेळेसह लिहा आणि प्रत त्याच्या ऑफिसच्या मेलवर पाठवा. विषय संपला.

एखादी किंवा एखादा रडला, तर ती बेशिस्त नव्हे. पाणी द्या, थांबा, हवं तर उद्या बोला. त्याची नोंदबिंद करत बसू नका.

नोंद, त्याच दिवशी

घरी जायच्या आधी लिहून ठेवा. इथे बहुतेक मॅनेजर घोळ घालतात, कारण ते घटना लिहीत नाहीत, आपलं मत लिहितात. 'अत्यंत उद्धट वर्तन केले, सीनिअरचा मान ठेवला नाही, अ‍ॅटिट्यूड निगेटिव्ह आहे.' या तिन्ही वाक्यांत त्याने नेमकं काय केलं ते कुठेच नाही. असं लिहा: 'पत्र टेबलावरून ढकलले, ते खाली पडले. "हे तुमच्याकडेच ठेवा" असे म्हणाले. उठताना खुर्ची भिंतीला लागली. ४:४० ला ग्रुपवर मेसेज टाकला, स्क्रीनशॉट सोबत.' शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका. आणि तो जे खरं बोलला तेही लिहा. ज्युनिअरच्या हाताखाली काम करण्याची भीती हा नोंदीतला सगळ्यात कामाचा भाग होता.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्याला ग्रुपमधून काढू नका. खाजगीत एक ओळ: 'ग्रुपवरचा मेसेज काढा, बाकी शुक्रवारी बोलू.' अंगठे दाखवणाऱ्यांच्या मागे लागायचं कारण नाही.

कधीकधी फोन येतो. आमच्या भागात कोणीतरी भाऊ असतातच: "ताई, आपला पोरगा आहे, जरा बघा ना." नमस्कार करा, विचारपूस करा, आणि कर्मचाऱ्याची माहिती बाहेर देता येत नाही हे गोड शब्दांत सांगा. त्याचा राग कर्मचाऱ्यावर काढू नका. पुष्कळदा तो फोन मेहुण्याने परस्पर लावलेला असतो.

रागात दिलेला तोंडी राजीनामा हा राजीनामा नव्हे. गयावया करू नका, आणि 'बरं झालं' म्हणून झेलूही नका. "दोन दिवसांनीही तसंच वाटलं तर मेल करा" एवढं पुरे.

धमकी, अंगावर धावून जाणं, जातीवरून बोलणं, बाईमाणसाला घाणेरडं बोलणं, यातलं काही झालं तर मात्र वरचं सगळं विसरा. तिथे समजूत घालायची नाही. त्याच तासाला एचआर, लैंगिक स्वरूपाचं असेल तर तक्रार करणारीला २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीचा रस्ता, आणि गरज पडली तर पोलीस.

दुसरी बैठक

दोन विषय, दोन भाग. आधी वागणं, आणि ते पाच-दहा मिनिटांत. मी म्हटलं, "खुर्ची भिंतीला लागली आणि ग्रुपवर तो मेसेज आला. या दोन गोष्टी परत नकोत. पत्र पटलं नाही तर मला तोंडावर सांगा, लेखी द्या, नाहीतर माझ्या साहेबांकडे जा. या तिन्हीला माझी ना नाही." मग गप्प बसले. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. थोड्या वेळाने तो म्हणाला, "रागात झालं, मॅडम." तेवढं मला पुरेसं होतं. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी माफीनामा लिहून घ्यायची हौस असते आणि तो ड्रॉवरमध्ये जपून ठेवतात, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. मला ही पद्धत आवडत नाही. तसा कागद दिलेला माणूस सुधारत नाही, फक्त जपून बोलायला लागतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं तर त्याहून वाईट.

मग काम. त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद आणले होते. तीन एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय ग्राहकाला कळवणारे अहवाल) उशिरा गेले, असा त्याच्यावर शेरा होता. एकाच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर निघालं: ग्राहकाच्या चाकणच्या प्लांटमधून रिजेक्ट पार्ट आमच्याकडे यायलाच आठवडा लागला होता आणि ट्रॅकर तक्रारीच्या मेलपासून दिवस मोजत होता. पार्ट हातात नसताना बिचारा मोजणार काय? उरलेले दोन मात्र खरोखरच उशिराचे. त्यातल्या एकात मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहिलं होतं आणि ग्राहकाने तो परत पाठवला होता. या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे की ते कारण नव्हे, ती पळवाट आहे. फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात, पार्ट उलटा बसूच कसा शकतो, हा खरा प्रश्न होता.

शेरा दुरुस्त झाला, एचआरच्या फॉर्मवर, रीतसर. रेटिंग तीनच राहिलं. दोन्ही त्याला समोर बसवून सांगितलं. ओरडणाऱ्याचं सगळं खोटं असतं असं धरून चालणारे मॅनेजर पुढच्या वर्षी तीच चुकीची आकडेवारी परत छापतात.

बोलणं कामावरून माणसावर घसरू देऊ नका. क्लुगर आणि डीनिसी या दोघा अभ्यासकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅकमुळे काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा उलट ते घसरलं होतं. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की असं होतं, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो. "तुमची मॅच्युरिटी कमी पडते" म्हटलं की समोरचा आपली अब्रू सांभाळत बसतो. त्याऐवजी चार कशाला मिळतात ते सांगा: तक्रार आल्यापासून चोवीस तासांत संशयित माल अडवलेला, मूळ कारण मशीनवर घडवून दाखवलेलं, आणि तीच तक्रार दुसऱ्यांदा नाही.

"माझ्या हातात असतं तर मी चार दिले असते, वरून कापले" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. कर्व्हचा, म्हणजे कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं हे आधीच ठरवून देण्याचा, जाच खरा आहे. मायक्रोसॉफ्टने ती पद्धत २०१३ मध्ये सोडली, आमच्याकडे अजून आहे. पण पत्रावर सही तुमची असते. ती नाकारलीत की यापुढे तो तुमच्याशी बोलणार नाही, थेट वरच जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कागद कधी

पहिल्यांदाच घडलं आणि दुसऱ्या बैठकीत मिटलं, तर बैठकीत ठरलेल्याचा एक साधा मेल पुरे. परत घडलं तर ताकीदपत्र. त्यानंतर कारणे दाखवा नोटीस आणि खातेनिहाय चौकशी, पण तिथे एचआर आणि कायद्याचा सल्लागार सोबत हवाच. कार्डावर 'इंजिनिअर' छापलं म्हणून माणूस कायद्याच्या लेखी कामगार नाही असं होत नाही. कोर्ट पदनाम नाही, प्रत्यक्ष काम बघतं. कामगाराला चौकशी चालू असताना निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता द्यावा लागतो आणि त्यापुढे, उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के. हे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आणि भडकला म्हणून पीआयपीवर, म्हणजे काम सुधारण्यासाठी मुदत देणाऱ्या योजनेवर, टाकायचं नाही. पीआयपी कामासाठी असतो.

त्यानंतरचे आठवडे लोक बघत असतात, विशेषतः ज्याला चार मिळाले ते पोरगं. त्याच्याशी या विषयावर बोलू नका, कॅन्टीनमध्ये तर नाहीच. आणि भडकलेल्याला त्याची नेहमीची कामं द्या. ग्राहकाकडची पुढची व्हिजिट त्याचीच होती. ती काढून दुसऱ्याला दिली असती तर तोंडाने काहीही बोलले असते तरी शिक्षा झालीच असती. तो गेला, फिक्स्चरला पिन बसवल्याचे फोटो घेऊन गेला.

एक काम सगळेच विसरतात. तिमाही संपली, पुन्हा तसं काही घडलं नाही, की त्याच फाइलमध्ये पहिल्या नोंदीखाली लिहा: 'त्यानंतर अशी वागणूक नाही, विषय बंद.' तारीख टाका आणि त्यालाही प्रत द्या. उद्या तुमची बदली झाली तर नवीन माणूस फाइल उघडणार आहे, आणि त्याला त्यात नुसती भिंतीला लागलेली खुर्ची सापडू नये.