परदेशातून स्वयंपाकाची सुरी मागवताना: कस्टम्सची तयारी ऑर्डरआधीच

जपानी ग्यूतो (तिकडची शेफ्स नाइफ) किंवा जर्मन शेफ्स नाइफ मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी पात्याचे माप पाहा. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे पाते ९ इंचांहून (सुमारे २२८ मिमी) लांब किंवा २ इंचांहून (सुमारे ५१ मिमी) रुंद असेल, तर चाकू शस्त्रांत मोडतो आणि आयातीला परवाना लागतो. फक्त घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणजे २४० मिमीची ग्यूतो किंवा चिनी क्लीव्हर (रुंद, चौकोनी पात्याची सुरी) कायद्याने चालते, पण ती स्वयंपाकाचीच आहे हे अधिकाऱ्याला कागदावरून कळायला हवे. पहिल्यांदाच मागवत असाल, तर २१० मिमीची घ्या. घरच्या ओट्यावर तीच जास्त सोयीची पडते.

तलवार, खंजीर, संगीन, गुप्ती यांची नावेच नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत आहेत. दुधारी पाते मागवूच नका, शोभेचे म्हणूनही नाही.

१. विक्रेत्याला आधीच लिहा. इन्व्हॉइसवर नुसते ‘नाइफ’ नको. ‘किचन नाइफ, फिक्स्ड ब्लेड, ब्लेड २१० मिमी, पर्सनल यूज’ असे लिहून घ्या, सोबत एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ८२११.९२. क्लीव्हर ८२१४ खाली येते. तलवारीचा कोड ९३०७, तो चुकून पडला तर पार्सल अडलेच समजा. ‘टॅक्टिकल’, ‘हंटिंग’ हे शब्द वर्णनात येऊ देऊ नका. एका वेळी एक-दोनच नग मागवा. जास्त नग व्यापारी आयात वाटतात आणि मग आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) मागितला जातो.

२. किंमत खरी लिहायला सांगा. कमी किंमत दाखवली तर माल जप्त होऊ शकतो, वर दंडही. ‘गिफ्ट’ लिहूनही सुटका नाही: डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून भेटवस्तूंची सवलत बंद आहे.

३. ड्युटीचे पैसे बाजूला ठेवा. वैयक्तिक आयातीवरची ड्युटी कस्टम्सच्या दरसूचीतील शीर्षक ९८०४ खाली लागते आणि ती वस्तू, वाहतूक व विमा यांच्या एकूण रकमेवर मोजतात. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर पाहा. खासगी कुरियर तुमच्या वतीने ड्युटी भरतो आणि त्याचे शुल्क वेगळे लावतो. टपालाने आलेल्या पार्सलची ड्युटी पोस्टमन दारात घेतो.

४. कुरियरचा केवायसी मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या. ओळखपत्रावरचे आणि पार्सलवरचे नाव अक्षरशः एकच हवे. इथे दिरंगाई झाली की गोदामभाडे चढते, शेवटी पार्सल परत जाते.

५. पार्सल अडलेच, तर एकाच मेलमध्ये सगळे पाठवा: उत्पादनाच्या पानाची प्रत, पात्याची लांबी-रुंदी, पैसे भरल्याची पावती आणि घरगुती वापराचे सहीचे पत्र. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. नकार मिळाला तर कारणांसह लेखी आदेश मागा. आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते. जप्तीऐवजी दंड भरून माल सोडवण्याची तरतूदही सीमाशुल्क कायद्यात आहे. तोही अर्ज लेखीच करा.