अँटिबायोटिकचं सिरप देताना या चुका टाळा

बहुतेक औषधं पूर्ण तयार होऊन हातात येतात. मुलांचं अँटिबायोटिक सिरप मात्र बऱ्याचदा अर्धवट येतं. बाटलीच्या तळाशी कोरडी पावडर असते आणि लेबलावर पाण्याची खूण. यातली कित्येक औषधं पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पाणी घालायचं काम मुद्दाम शेवटपर्यंत लांबवलेलं असतं. ते आपल्याला करावं लागतं, आणि बहुधा रात्री, तापलेलं लेकरू कडेवर असताना. फार्मासिस्ट म्हणून इतकी वर्षं काम करताना मी जास्तीत जास्त चुका इथेच आणि यापुढच्या मापात पाहिल्या आहेत. निदान बरोबर, औषधही बरोबर, आणि तरी मुलाच्या पोटात निम्मंच औषध जातं.

‘खुणेपर्यंत पाणी घातलं, पण हलवल्यावर पातळी खाली गेली’

ती जाणारच. कोरड्या पावडरीत हवा अडकलेली असते, पावडर भिजली की ती निघून जाते. म्हणून पाणी दोनदा घालायचं. आधी बंद बाटली उलटसुलट हलवून, बुडाला हलकेच टिचक्या मारून पावडर मोकळी करा. मग खुणेच्या बरंच खाली राहील इतकं पाणी घाला, झाकण लावा आणि पावडरीचा एकही गोळा उरणार नाही इतकं जोरात हलवा. फेस निवू द्या. आता बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून बरोबर खुणेपर्यंत पाणी घाला आणि पुन्हा हलवा. पहिल्याच वेळी खूण गाठून जे थांबतात त्यांचं औषध दाट होतं. फेसाची कड पाहून थांबणाऱ्यांचंही तसंच होतं. हे लगेच लक्षात आलं आणि अजून एकही डोस दिला नसेल, तर तेव्हाच खुणेपर्यंत पाणी भरून घ्या.

पाणी खुणेच्या वर गेलं तर वरचं ओतून काढू नका. पाण्याबरोबर औषधही जातं आणि बाटलीत उरतं ते पातळच असतं. नवी बाटली घ्या. ऐन वेळी हे जिवावर येतं, पण पातळ झालेलं औषध पाच-सात दिवस देत राहणं त्याहून वाईट.

पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. ‘कोमट चालेल ना?’ असं नेहमी विचारलं जातं. नाही, उष्णतेने औषधाची ताकद घटते. खोक्यात पाण्याची छोटी बाटली आली असेल तर तेच पाणी वापरा. उघडल्यावर पावडरीचा घट्ट गोळा झालेला दिसला किंवा तिचा रंग बदललेला वाटला, तर तिला ओल लागली आहे असं समजा आणि बाटली परत करा.

एक छोटा हिशेब आधीच करून ठेवा. ५ मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस, म्हणजे ७० मिली. बाटली ३० मिलीची असेल तर तीन लागतील. तिन्ही एकदम कालवू नका, एक संपत आली की दुसरी. आणि पाणी घातलं त्या दिवसाची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. खोक्यावर छापलेली एक्स्पायरी कोरड्या पावडरीची असते, तयार सिरपची नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं तयार सिरप साधारण ७ दिवसच वापरायचं असतं, मग खोक्यावर पुढच्या वर्षाची तारीख का असेना. कोर्स १० दिवसांचा असेल तर तिथे दुसरी बाटली लागणारच.

‘एक चमचा दिलं’

कुठला चमचा? घरातल्या दोन चमच्यांतही एकसारखं औषध मावत नाही. डॉक्टर ५ मिली म्हणतात तेव्हा एखाद्या चमच्यातून तीन जातात, दुसऱ्यातून सात. सुई नसलेली, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज सगळ्यांत खात्रीची. ती नसेल तर बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण सपाट जागेवर ठेवून भरा, हातात धरून नको.

याहून मोठा घोळ ताकदीचा. एकाच नावाचं सिरप ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीला २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळू शकतं. मागच्या वेळी ५ मिली दिलं होतं म्हणून या वेळीही तितकंच दिलं आणि बाटली दुप्पट ताकदीची निघाली, तर डोस दुप्पट झाला. मिलिग्रॅम म्हणजे आतलं औषध आणि मिली म्हणजे मोजायचं पातळ औषध, या दोन्हींत गल्लत करू नका. चिठ्ठीवरचा दशांश चिन्हाचा ठिपकाही नीट पाहा. अडीच मिलीच्या जागी पंचवीस वाचलं जाऊ शकतं. शंका आली की काउंटरवर विचारा, ‘एका वेळी किती मिली?’ आणि सिरिंजवर त्या ठिकाणी पेनाने रेघ मारून घ्या.

डोस बहुतेक वेळा वजनावरून ठरतो. त्यामुळे थोरल्याला लिहून दिलेलं औषध ‘वय जवळपास तेवढंच’ म्हणून धाकटीला देणं चूकच.

माप बरोबर असूनही एक गोष्ट राहून जाते. हे सिरप साखरेच्या पाकासारखं एकजीव नसतं, पावडरीचे बारीक कण त्यात तरंगत असतात आणि बाटली ठेवली की खाली साका बसतो. न हलवता दिलं तर पहिले डोस फिके जातात आणि शेवटचे कडक. प्रत्येक वेळी हलवा, दुपारी हलवलं होतं म्हणून रात्री सोडू नका.

‘सगळी सिरपं फ्रिजमध्येच ठेवतो’

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं तयार सिरप फ्रिजमध्येच हवं. क्लॅरिथ्रोमायसिनचं मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गार झालं की ते घट्ट होतं. त्यामुळे सवयीने वागू नका, लेबल वाचा. फ्रीझरमध्ये कुठलंच नको. मुलांचा हात पोचणार नाही असा कप्पा निवडा, कारण गोड चवीचं औषध मुलं आपणहून पितात.

‘थुंकून टाकतो, उलटी करतो’

मुलाला बसतं धरा. सिरिंजचं टोपण आधी काढून बाजूला ठेवा, ते घशात अडकू शकतं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं-थोडं सोडा, घशावर पिचकारी मारू नका. नाक दाबून पाजणं तर अजिबात नको. औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली पाहूनच मूल रडायला लागतं. दुधाच्या भरलेल्या बाटलीत औषध मिसळलं आणि बाळाने निम्मंच दूध प्यायलं, तर किती औषध गेलं ते कळायला मार्ग नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधात कालवून देऊ नका, मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

अर्ध्या तासाच्या आत सगळं औषध उलटून पडलं तर साधारणपणे तोच डोस पुन्हा देतात. त्यानंतर उलटी झाली तर पुन्हा देत नाहीत. दुसऱ्यांदाही उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा. डोस विसरला तर आठवताच द्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन डोस मिळून एकदम देऊ नका. चुकून दोनदा दिला गेला तर घाबरू नका. बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं, तरी डॉक्टरांना कळवा. डोस कितीतरी पट जास्त गेला असेल, किंवा मुलाला किडनीचा त्रास असेल, तर ताबडतोब कळवा.

दिवसातून तीनदा म्हणजे सकाळ, दुपार आणि झोपताना. सहसा त्यासाठी मुलाला मध्यरात्री उठवावं लागत नाही.

‘ताप उतरला, मग बंद केलं’

ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे घसा आला असेल तर पेनिसिलिन गटातलं औषध सहसा १० दिवस देतात, आणि त्यामागे मोठं कारण आहे: अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. काही संसर्गांत आता कमी दिवसांचे कोर्स पुरतात हेही खरं. पण किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण अंदाजाने नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की औषध कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर गप्प बसून कोर्स पुरा करत राहू नका, परत दाखवा. आणि साधी सर्दी, बहुतेक खोकले, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर हे सिरप काम करत नाही. शेंबूड हिरवा झाला एवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही.

कधी थांबायचं

थोडे पातळ जुलाब होतात, पाणी पाजत राहा. शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. अंगावर गांधी उठल्या तर पुढचा डोस न देता आधी फोन करा. ओठ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, मूल एकदम मलूल पडलं, तर फोनवर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात न्या आणि बाटली बरोबर घ्या. पूर्वी पेनिसिलिनने त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला दर वेळी सांगा, एकदा सांगितलंय म्हणून गृहीत धरू नका.

कोर्स संपून उरलेलं सिरप ‘पुढच्या वेळी कामी येईल’ म्हणून ठेवू नका, ते तोवर निकामी झालेलं असतं. मोरीत किंवा सिंकमध्येही ओतू नका. उरलेली औषधं परत घेण्याची सोय जवळ असेल तर तिथे द्या. नसेल तर मातीत मिसळून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. बाटलीवर मुलाचं नाव असेल तर ते खोडून टाका.