रानातलं घर: आधी छप्पर, मग खोल्या

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला रानात घर बांधताय? आधी छप्पर ठरवा. मंगलोरी कौलांना ३० अंशांचा उतार हवाच. कमी ठेवलात तर वाऱ्यानं ढकललेलं पाणी सांध्यांतून उलटं चढतं आणि वासे कुजतात. पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून त्या अंगाला ३ फूट वळचण आणि पडवी. ओल्या छत्र्या, चपला, सरपण सगळं तिथेच मावतं. पन्हळ मात्र नकोच, सागाच्या पानांनी पहिल्याच पावसात तुंबते. त्याऐवजी वळचणीखाली फूटभर रुंद चर खणून खडी भरा, चराचा उतार घरापासून दूर जाणारा ठेवा. जोतं २ फूट. आत स्वयंपाक, जेवण, बैठक एकाच मोठ्या खोलीत. लाकडी खांब मातीत पुरू नका, दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभे करा. नाहीतर वाळवी लागलीच म्हणून समजा.