नमनाला घडाभर तेल नको: नव्या वापरकर्त्याला ॲपमध्ये रुळवायचं कसं?

नवं ॲप उघडलं की काय होतं ते आठवून बघा. आधी स्वागताचा संदेश, मग बोटाने सरकवायची चार गोंडस चित्रं, मग नाव, ईमेल, मोबाइल नंबर, ओटीपी आणि त्याच्या मागोमाग 'नोटिफिकेशन पाठवू का?' एवढं पार करेपर्यंत आपण आलो कशासाठी होतो हेच माणूस विसरतो. ॲपवाले याला ऑनबोर्डिंग म्हणतात. मला 'रुळवणं' हा शब्द बरा वाटतो, कारण नव्या जागी माणूस रुळतो तो पहिलं काम स्वतः हातावेगळं केल्यावर.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: औषध घ्यायची आठवण करून देणारं ॲप.

पायरी १: पहिलं फळ कोणतं ते ठरवा

स्क्रीन आखायला बसण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: 'ॲप उघडल्यावर इतक्या वेळात माणसाने अमुक केलेलं असेल.' त्या 'अमुक'च्या जागी 'खातं उघडलेलं असेल' असं आलं, तर वाक्य खोडून पुन्हा लिहा. खातं ही तुमची गरज आहे, त्याची नव्हे. आपल्या उदाहरणात पहिलं फळ म्हणजे फोन वाजला, माणसाने पाहिलं आणि 'घेतलं' हे बटण दाबलं.

मोठ्या कंपन्यांनीही अशा खुणा ठरवल्या होत्या. फेसबुकच्या चमूने नव्या सदस्याला १० दिवसांत ७ मित्र मिळावेत हे उद्दिष्ट ठेवलं होतं. स्लॅक या ऑफिसातल्या टीमच्या गप्पांच्या ॲपच्या अनुभवात २,००० संदेशांची देवाणघेवाण झालेली टीम सहसा टिकायची. हे आकडे उचलून आपल्या ॲपला चिकटवू नका. शिवाय यात एक मेख आहे: जो मुळातच टिकणार होता तोच जास्त मित्र जोडतो, जास्त संदेश पाठवतो. म्हणून खूण सापडली तरी प्रयोग करून बघावा लागतो. काही नव्या लोकांना त्या खुणेपर्यंत लवकर न्या, काहींना जुन्याच वाटेने जाऊ द्या आणि फरक पडतो का ते पाहा.

आता आपल्या ॲपची खरी अडचण. माणसाने दुपारी औषध जोडलं आणि ते घ्यायचंय रात्री नऊला, म्हणजे फळ कित्येक तास लांब. तोवर ॲप विस्मरणात जाणार. वर कुठल्यातरी फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲप झोपवून टाकणार आणि आठवण वाजणारच नाही. औषधाच्या बाबतीत पहिलीच आठवण चुकली तर त्या ॲपवर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? यावर उपाय साधा आहे. औषध जोडून झाल्या झाल्या विचारा, 'एका मिनिटाने एकदा वाजवून बघू का?' फोन वाजतो, माणूस हसतो. आवाज, परवानगी, बॅटरीची सेटिंग या सगळ्यांची परीक्षाही तिथेच होऊन जाते. ज्या ॲपचा उपयोग उशिरा दिसतो, त्याने त्याची अशी छोटी चव लगेच द्यायला हवी.

पायरी २: वाटेतले दगड मोजा

फोनमधून ॲप काढून टाका, पुन्हा घाला आणि पहिल्या फळापर्यंत जा. प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक टॅप, भरावी लागणारी प्रत्येक चौकट लिहून ठेवा. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हिच्याविना काम अडतं का? जन्मतारीख, फोटो, 'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?' या गोष्टी पहिल्या फेरीतच गळतात.

पायरी ३: खातं मागाहून

वापरसुलभतेचे जाणकार जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका खरेदी-संकेतस्थळाची हकिकत लिहिली होती. पैसे भरण्याआधी तिथे नोंदणीची सक्ती होती. 'नोंदणी करा' हे बटण काढून 'पुढे जा' ठेवलं आणि खातं उघडायची गरज नाही असं शेजारी लिहिलं. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात जवळपास ३० कोटी डॉलरची जास्तीची विक्री झाली. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो ॲपही आधी धडा करू देतं, खात्याचं नंतर काढतं.

औषधांची यादी फोनमध्येच राहू शकते. ती दुसऱ्या फोनवर न्यायची वेळ आली की खातं मागा, तेव्हा माणूस आपणहून देईल. ॲपलचा नियमही याच बाजूचा आहे. ज्या ॲपचं काम खात्यावर फारसं अवलंबून नाही, त्याने लॉग-इनशिवाय वापरू द्यावं असं तो सांगतो. खातं उघडू देणाऱ्या ॲपने ते आतूनच मिटवायची सोय द्यावी, हा नियमही ३० जून २०२२ पासून लागू आहे. बँकेच्या ॲपला ओळख आधी पटवावी लागते हे मान्य. तिथे निदान 'हे का मागतोय आणि अजून किती पायऱ्या उरल्यात' एवढं तरी सांगा.

पायरी ४: सांगू नका, करू द्या

१९८७ मध्ये जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी एक विरोधाभास मांडला: थोडं वाचून घेतलं तर पुढे वेळ वाचेल हे खरं असूनही लोक वाचत नाहीत, थेट कामाला लागतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आखणीच तशी करावी. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्स या व्हिडिओ गेमचा पहिला टप्पा आठवा. सूचना एकही नाही. समोरून एक शत्रू सावकाश चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, आणि लगेच पुन्हा तिथूनच सुरुवात. दुसऱ्या खेपेला उडी मारायची हे कोणी सांगावं लागत नाही.

ॲपमध्ये ही शिकवणी रिकाम्या स्क्रीनवर होते. 'माहिती उपलब्ध नाही' अशी पाटी लावण्यापेक्षा 'अजून एकही औषध जोडलेलं नाही' असं लिहा आणि खाली एकच ठळक बटण ठेवा. बरीच ॲप्स इथे नमुन्याच्या नोंदी भरून दाखवतात. नोंदवहीच्या ॲपमध्ये ते छान चालतं. औषधाच्या ॲपमध्ये मात्र मी नमुन्याचं औषध कधीच ठेवणार नाही, कोणीतरी ते खरं समजेल. बाण दाखवून समजावणाऱ्या टिपा लागल्याच तर एका वेळी एक आणि त्या बटणाची गरज पडेल तेव्हाच.

पायरी ५: परवानगी वेळ पाहून मागा

आयफोनवर नोटिफिकेशनसाठीची प्रणालीची खिडकी एकदाच येते. 'नको' म्हटलं की पुढचा रस्ता सेटिंग्जमधूनच. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) तिथेही नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार म्हणजे कायमचा नकार. त्यामुळे ॲप उघडताच परवानगी मागणं म्हणजे हातातला हुकूम पहिल्याच डावात फेकणं.

माणसाने औषधाची वेळ 'रात्री ९' अशी भरली, आता मागा: 'नऊ वाजता आठवण करण्यासाठी नोटिफिकेशन लागेल.' तरी नाही म्हणाला, तर यादी वापरू द्या आणि परवानगी नंतर कुठून देता येईल ते दाखवा. 'घरच्या एकाला कळवा' अशी सोय असेल तर अख्खी संपर्कयादी मागू नका. फोनचीच निवडखिडकी उघडून एक नाव निवडू देता येतं, त्याला परवानगी लागत नाही.

पायरी ६: शब्दांवर वेळ घालवा

हे काम शेवटी कोणीतरी घाईत उरकतं आणि तिथेच घोळ होतो. 'पुढे' पेक्षा 'पहिलं औषध जोडा' बरं. 'अवैध इनपुट' पेक्षा 'मोबाइल नंबरात १० अंक हवेत, ९च आलेत' बरं. मराठीत आणखी एक पेच आहे. 'मी औषध घेतो' असं बटणावर लिहिलं की निम्मे वापरकर्ते बाहेर. 'घेतलं' म्हटलं की प्रश्नच मिटतो. फोनवरचं अक्षर मोठं करूनही एकदा बघा, कारण ओळींमधलं अंतर कमी पडलं की वेलांट्या आणि उकार कापले जातात. औषधांचं ॲप वापरणाऱ्यांत अक्षर मोठं ठेवणारे बरेच असणार.

पायरी ७: थोडी सुरुवात झालेली दाखवा

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेला नून्स आणि ड्रेझ या संशोधकांचा प्रयोग गमतीदार आहे. गाडी धुण्याच्या केंद्रावर काहींना ८ शिक्क्यांचं कार्ड दिलं (दर धुलाईला एक शिक्का, कार्ड भरलं की एक धुलाई फुकट), काहींना १० शिक्क्यांचं, पण त्यावर २ आधीच मारलेले. मेहनत दोघांना सारखीच. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. म्हणून प्रगतीची पट्टी शून्यापासून सुरू करू नका. भाषा निवडली, तीही एक पायरी झालीच.

पायरी ८: परत येणाऱ्याचाही विचार करा

अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस जिथे होता तिथेच उतरला पाहिजे. 'माझं आधीच खातं आहे' हा दुवा पहिल्याच स्क्रीनवर हवा. 'आम्हाला तुमची आठवण येतेय' छापाची नोटिफिकेशन्स मात्र पाठवू नका.

पायरी ९: पाच जणांपुढे ठेवा

वापरसुलभतेचेच आणखी एक जाणकार जेकब नीलसन यांनी २००० साली सांगितलं की पाच जणांच्या चाचणीत वापराच्या बहुतेक अडचणी उघड होतात. ॲप कधी न पाहिलेल्या माणसाला बोलवा, 'रात्रीच्या औषधाची आठवण लावा' एवढंच सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मी आखलेली पाच चित्रांची ओळख एका बाईंनी तीन सेकंदांत सरकवून टाकली आणि 'आता काय करू?' असं विचारलं, तेव्हा माझं बोट जवळजवळ त्यांच्या स्क्रीनवर गेलं होतं. ती चित्रं आम्ही त्याच आठवड्यात काढली.

सोबत आकडेही ठेवा: प्रत्येक पायरीपर्यंत किती जण पोचले, पहिल्या फळाला किती वेळ लागला, दुसऱ्या आणि सातव्या दिवशी किती जण परतले. बदल केलात की पुन्हा पाच जण बोलवा, पण नवे. पहिल्या पाचांना वाट आता पाठ झालेली असते.